वाचक कोण? खटल्यांमधून आणि साहित्यातून अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. राज्यसभेचे खासदार आणि शायर इम्रान प्रतापगढी यांनी समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीत ही उर्दू कविता पार्श्वभूमीला ऐकू येत होती आणि तिच्यामुळे समाजगटांत वैर वाढेल, अशी तक्रार गुजरातमधील जामनगर येथे नोंदवण्यात आली होती. गुजरात उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने मात्र कविता निवाड्यातच उद्धृत करून तिचा अर्थ लावला आणि ती कोणत्याही धर्माविरुद्ध नसून अन्यायालाही हिंसेने उत्तर देऊ नये असेच सुचवते, असा निष्कर्ष काढला.

एकच कविता पोलिसांना चिथावणी वाटते आणि न्यायाधीशांना अहिंसेचे आवाहन वाटते, हे कसे काय, असा प्रश्न बातमी वाचणाऱ्या कोणालाही पडेल. शाळेतील नागरिकशास्त्र या प्रश्नाच्या जवळपासही जात नाही. तेथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे मूलभूत हक्कांच्या यादीतील एक ओळ असते. ती पाठ केली की गुण मिळतात आणि परीक्षेनंतर ती विसरली जाते. हा विषय खरोखर समजावा असे वाटत असेल, तर विद्यार्थ्याच्या हाती एक साहित्यकृती आणि तिच्यावर चाललेला एक खटला द्यावा, आणि दोन्ही वाचताना एकच प्रश्न विचारत राहावे: कायद्याने येथे कोणता वाचक गृहीत धरला आहे? आपल्याकडील बहुतेक साहित्यविषयक खटल्यांचा निकाल या प्रश्नाच्या उत्तरावरच फिरला आहे, असे माझे मत आहे.

हक्क आणि त्याला घातलेले कुंपण

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य आहे. त्याच अनुच्छेदाचा खंड (२) असे सांगतो की, ठरावीक कारणांसाठी राज्यसंस्था कायदा करून या हक्कावर ‘वाजवी निर्बंध’ घालू शकते. ही कारणे आठ आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. यादी येथे संपते. ‘कोणाला तरी वाईट वाटले’ किंवा ‘सरकारला आवडले नाही’ ही कारणे तिच्यात नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः ती यादी वाचून हे शोधून काढले तर ते त्यांच्या अधिक काळ लक्षात राहते.

मूळ यादी याहून आखूड होती. मुंबईत छापल्या जाणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाच्या प्रवेशावर आणि वितरणावर मद्रास सरकारने बंदी घातली, तेव्हा १९५० साली रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण त्या वेळी संविधानात नव्हते. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ते कारण यादीत आले. मात्र त्याच दुरुस्तीने निर्बंधांच्या आधी ‘वाजवी’ हा शब्दही बसवला. कुंपण रुंदावले आणि ते वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकारही न्यायालयाकडे आला. एकाच दुरुस्तीत दोन्ही घडले, हे सहसा सांगितले जात नाही.

पथ्यावरच्या माणसासाठी शिजवलेली पंगत

आता वाचकाकडे येऊ. १८६८ साली इंग्लंडमध्ये धार्मिक वादातील एका पत्रकावरून हिकलिन नावाने ओळखला जाणारा खटला झाला. त्यात न्यायालयाने अश्लीलतेची कसोटी सांगितली: ज्यांची मने अशा अनिष्ट प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती हे लेखन पडू शकते, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती त्या लेखनात आहे काय? कसोटीचा रोख सगळ्यात कच्च्या मनाच्या वाचकावर आहे. घरात एक जण पथ्यावर असेल तर त्याला मऊ भात द्यावा हे योग्यच. पण त्याच्यासाठी साऱ्या पंगतीला मऊ भातच वाढायचा, असा हा न्याय होता.

वसाहतकाळात तो आपल्याकडे आला आणि स्वातंत्र्यानंतरही टिकला. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर झालेले खटले याच मनोवृत्तीतून झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू बॅ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर शास्त्रीय भूमिकेतून लिहिणारा माणूस आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले आंबेडकर, ही जोडी पाठ्यपुस्तकात क्वचितच एकत्र भेटते.

हिकलिन कसोटीवर स्वतंत्र भारतात शिक्कामोर्तब झाले ते रणजित उदेशी खटल्यात. मुंबईतील एका पुस्तकविक्रीच्या दुकानात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची असंक्षिप्त प्रत विकल्याबद्दल दुकानाच्या भागीदारांना शिक्षा झाली. कादंबरीच्या बाजूने लेखक मुल्कराज आनंद यांनी साक्ष दिली होती. तरीही १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रकाशकाला १९६० साली लंडनमधील ज्यूरीने, म्हणजे खटल्याचा निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, निर्दोष ठरवले होते, कारण इंग्लंडने १९५९ साली कायदा बदलला होता आणि त्यानुसार पुस्तक समग्र वाचणे व साहित्यिक गुणांविषयी तज्ज्ञांची मते ऐकणे शक्य झाले होते. पुस्तक तेच, शब्द तेच, निकाल उलटे. बदलला होता तो गृहीत धरलेला वाचक आणि त्याची वाचण्याची रीत.

दिवाळी अंकातील ‘शामा’

मराठी विद्यार्थ्यासाठी या साऱ्यात सर्वांत जवळचा खटला चंद्रकांत काकोडकर यांचा आहे. त्यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. ती अश्लील असल्याची तक्रार झाली. दंडाधिकाऱ्यांनी लेखकाला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. एकच कथा तीन पायऱ्यांवर तीन वेळा वाचली गेली आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ बदलला. ‘अपील म्हणजे काय’ हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात विद्यार्थ्यांना थांबवून वाचायला लावावेत असे तीन मुद्दे आहेत. पहिला असा की, कृती समग्र वाचली पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण साहित्याला लावता येत नाही, कारण भाताची शिते एकसारखी असतात आणि कथेतील वाक्ये तशी नसतात. दुसरा मुद्दा किशोरवयीन वाचकांविषयी आहे. न्यायालयाने त्यांचा विचार टाळला नाही. उलट, प्रेम आणि शृंगार यांचे उल्लेख असलेले पुष्कळ साहित्य त्यांना सहज उपलब्ध आहे आणि अशा उल्लेखालाच अश्लील म्हटले तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काहीच विकता येणार नाही, असे म्हटले. तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यायालयाने ‘शामा’ला श्रेष्ठ साहित्य ठरवले नाही. कथा अपरिपक्व असली, अभिरुचीच्या दृष्टीने उणी असली, तरी तेवढ्याने ती गुन्हा ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. स्वातंत्र्याचा बचाव करताना आपण नेहमी थोर कलाकृतींची उदाहरणे देतो आणि नकळत असा समज पसरवतो की, संरक्षण मिळवण्यासाठी आधी थोर असावे लागते. ‘शामा’ हा समज मोडते.

१९८५ मध्ये समरेश बसू यांच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या जागी उभे राहावे, मग निरनिराळ्या वयांच्या वाचकांच्या जागी, आणि नंतर तटस्थपणे निर्णय द्यावा. शिवाय असभ्य भाषा आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्या निवाड्यात सांगितले आहे. हिकलिन कसोटी अधिकृतपणे बाजूला पडली ती २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात. तिच्या जागी ‘समकालीन समाजमान’ आले. म्हणजे आजचा सर्वसाधारण समाज काय स्वीकारतो ते पाहायचे.

नागपूरचे माप

अश्लीलतेच्या कायद्यात हा बदल व्हायला इतकी दशके लागली. दुसऱ्या एका शाखेत, म्हणजे चिथावणीखोर लेखनाविषयीच्या कायद्यात, मात्र खंबीर वाचकाची कल्पना फार आधी आली होती, आणि तीही नागपुरात. भगवतीचरण शुक्ला प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असे लिहिले की, शब्दांचा परिणाम समंजस, दृढ मनाच्या, खंबीर आणि धैर्यवान माणसांच्या मापाने मोजावा. दुबळ्या व डळमळीत मनांच्या, अथवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या मापाने नव्हे. १९८८ साली ‘तमस’ या दूरदर्शन मालिकेवर बंदीची मागणी झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच वाक्य आधाराला घेतले. २०२५ च्या कवितेच्या निवाड्यातही तेच माप आहे.

‘तमस’ची मालिका फाळणीच्या हिंसाचारावर होती. ती पाहून लोक भडकतील, ही भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येत नाही. परंतु न्यायालयाने प्रेक्षकाला, भूतकाळातील चूक पाहून शहाणे होण्याइतपत समर्थ मानले. विद्यार्थ्यांना येथे थोडे अडवावे आणि विचारावे: असा प्रेक्षक खरोखर असतो का, की न्यायालयाने तो असावा असे ठरवले? माझ्या मते दुसरे उत्तर अधिक खरे आहे. कायदा येथे लोक कसे आहेत याची नोंद करत नाही. त्यांना कसे वागवायचे ते ठरवतो.

शब्द आणि कृती यांमधील अंतर

मग काहीही बोलावे आणि लोकांनी खंबीर राहावे, असा याचा अर्थ होतो का? तसे नाही. १९८९ च्या रंगराजन खटल्यात आरक्षणधोरणावर टीका करणारा तमिळ चित्रपट दाखवू नये, अशी मागणी होती आणि दाखवला तर गोंधळ होईल, असा धाक घातला जात होता. न्यायालयाने सांगितले की, शब्द आणि घडू शकणारी हानी यांचा संबंध दारूगोळ्याच्या कोठारातील ठिणगीइतका थेट असला पाहिजे. दूरची, ओढूनताणून जोडलेली शक्यता पुरेशी नाही. आणि निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबणे म्हणजे दहशतीपुढे शरण जाणे होय. व्यवस्था राखणे हे सरकारचे काम आहे.

२०१५ च्या श्रेया सिंघल निवाड्यात हेच अंतर तीन पायऱ्यांत मांडले आहे: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखादे मत मांडणे किंवा त्याचा हिरिरीने पुरस्कार करणे, मग ते कितीही अप्रिय असो, हे स्वातंत्र्याच्या गाभ्यात येते. निर्बंधाचा प्रश्न तिसऱ्या पायरीवर उद्भवतो. या खटल्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदच्या संदर्भात फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली आणि त्यानंतर आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिले गेले. ते कलम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले.

वर्गात हे कसे चालवावे

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी साहित्यकृती, मग खटल्याची हकिकत, मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, आणि अगदी शेवटी निवाडा. निवाडा आधी सांगितला की विद्यार्थी त्याची कारणे पाठ करतो. शेवटी सांगितला की तो त्याच्याशी भांडतो. कृती वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपला निकाल एका पानावर लिहून ठेवावा आणि त्यात एक वाक्य बंधनकारक असावे: ‘मी हे वाचताना पुढील वाचक डोळ्यांसमोर ठेवला.’ बहुतेक मुले पहिल्यांदा धाकट्या भावंडाला डोळ्यांसमोर ठेवतील असा माझा अंदाज आहे, म्हणजे नकळत हिकलिनच वापरतील. ते त्यांच्याच अक्षरांत त्यांना दिसणे, हाच धडा आहे.

लहान इयत्तांसाठी सुरुवात लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्यापासून करावी. ‘केसरी’तील लेखांवरून राजद्रोहाचा आरोप, सहा वर्षांची शिक्षा आणि मंडाले, एवढे सर्वांना ठाऊक असते. सांगितले जात नाही ते असे: लेख मराठीत होते, आणि निर्णय देणाऱ्या नऊ ज्यूरींपैकी बहुतेक युरोपीय असल्याने त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतर ठेवले गेले. ते भाषांतर सदोष असल्याचा मुद्दा टिळकांनी स्वतः न्यायालयात मांडला. निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला. ज्या वाचकांसाठी लेख लिहिले होते त्यांतील कोणी त्या ज्यूरीत नव्हते, हे लक्षात आले की ‘वाचक कोण?’ हा प्रश्न मुलांना तात्त्विक वाटत नाही. अशा वर्गात एक अग्रलेख दोन गटांकडून वेगवेगळा इंग्रजीत करवून घ्यावा आणि दोन भाषांतरे शेजारी ठेवावीत. एखाद्या क्रियापदाच्या निवडीने लेखक किती धोकादायक वाटू लागतो, ते आपोआप दिसते.

‘असले साहित्य मुलांना द्यायचे का?’

पालकांचा हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. बालकांना अश्लील सामग्री देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि वयानुसार निवड करणे म्हणजे बंदी घालणे नव्हे. शिक्षकाने एखादी कथा दहावीऐवजी पदवीच्या वर्गासाठी राखून ठेवणे ही निवड आहे. ती कथा कोणालाच वाचता येणार नाही अशी व्यवस्था सरकारने करणे ही बंदी आहे. शालेय वर्गासाठी टिळक, ‘तमस’ आणि रंगराजन पुरेसे आहेत. ‘शामा’चा निवाडा महाविद्यालयात वाचावा.

‘यामुळे शिस्त बिघडेल’

या शंकेला उत्तर देणारा खटला विद्यार्थ्यांचाच आहे. केरळमध्ये १९८५ साली यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. बिजो इमॅन्युएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितले. निवाड्यातील एक बारकावा शिक्षकांनी अवश्य पाहावा: शाळेने आधार घेतला होता तो शिक्षण खात्याच्या परिपत्रकांचा, आणि परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, अनुच्छेद १९(२) खालील निर्बंध कायद्यानेच घालावा लागतो. शिवाय गप्प राहणे हाही अभिव्यक्तीचाच भाग ठरला. त्या मुलांनी गोंधळ घातला नव्हता, शिस्त मोडली नव्हती. फरक होता तो आज्ञा आणि आदर यांतला.

‘भावना दुखावल्या तर?’

हा सर्वांत अवघड आक्षेप आहे आणि न्यायालयांची उत्तरेही येथे एकसारखी नाहीत. पेरुमाळ मुरुगन यांच्या तमिळ कादंबरीवरून २०१५ च्या आरंभी इतका दबाव आला की, प्रशासनाने बोलावलेल्या बैठकीत त्यांनी माघारीच्या निवेदनावर सही केली आणि आपल्यातला लेखक मेला, असे जाहीर केले. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने ते निवेदन बंधनकारक नसल्याचे सांगितले. ज्याला पुस्तक आवडत नाही त्याने ते मिटून ठेवावे, असा त्या निवाड्याचा सूर होता आणि शेवट लेखकाला पुन्हा लिहिण्याचे आवाहन करून झाला. येथे वाचक आपल्या मर्जीचा मालक आहे.

याच्या शेजारी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला होता’ ही मराठी कविता ठेवावी. ती १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला झाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंक प्रसिद्ध करणाऱ्यांनी माफी मागितली असल्याने त्यांच्यावरील तो आरोप काढून टाकला. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे असे सांगितले. कारण असे दिले की, ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असभ्य भाषा घातली असेल, तर समाजमानाची कसोटी अधिक कडकपणे लावली पाहिजे. मला हा युक्तिवाद पटत नाही. अनुच्छेद १९(२) मधील आठ कारणांत ‘महापुरुषाचा आदर’ हे कारण नाही, आणि उपरोधाच्या कवितेत बोलणारा गांधी हा इतिहासातला गांधी नसून आपणच बिघडवलेली त्याची प्रतिमा असू शकते, ही शक्यता अशा कसोटीत दबली जाते. परंतु वर्गात माझे मत सांगण्याआधी मी विद्यार्थ्यांना दुसरी बाजू नीट मांडायला लावीन: ज्या समाजात एका माणसाभोवती कोट्यवधींची श्रद्धा गुंफलेली आहे, तेथे ‘समाजमान’ मोजताना ती श्रद्धा वगळायची कशी?

मद्रासचा आणि ‘गांधी’ कवितेचा असे दोन्ही निवाडे वाचून झाल्यावर सुरुवातीला लिहून घेतलेली पाने परत द्यावीत आणि ‘वाचक’ या वाक्यापुढे आज काय लिहाल, असे विचारावे. सर्वोच्च न्यायालय आता निवडक निवाड्यांचे मराठी अनुवादही प्रसिद्ध करते, त्यामुळे भाषेची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरी एक गोष्ट मराठी विद्यार्थ्याला सांगायला हवी की, ‘शामा’ आणि ‘गांधी’ या दोन्ही कृतींवरचे अंतिम निवाडे मुळात इंग्रजीत लिहिले गेले. ज्या भाषेत त्या कृती लिहिल्या गेल्या, त्या भाषेत त्या वाचू शकणारा तो स्वतः आहे.